नरनाळ्याच्या तटावरून चालायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकोटला घर असल्यामुळे दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत नरनाळ्याबद्दल विचारणा होतच असते. गडाचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. गडाच्या कडेकडेने चालायचं कसं, हे मात्र फार कुणी सांगत नाही, म्हणून इथे भर त्यावर आहे. इतिहास वाटेत जिथे आडवा येतो तिथे येईलच.

नरनाळा नेमका कुठे आला?

अकोला जिल्हा, अकोट तालुका, पायथ्याचं गाव शहानूर. डोंगर सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला. पुण्याकडची मंडळी "विदर्भात कुठले आलेत डोंगर" असं म्हणतात तेव्हा त्यांना अकोटच्या बाहेर नेऊन उत्तरेकडे तोंड करून उभं करावं, बाकी काही बोलायची गरज पडत नाही. गडमाथा समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या वर आहे आणि अकोटचं मैदान तीनशेच्या आसपास. मधली उंची डोंगर अगदी थोड्या अंतरात घेतो, कारण इथे खडकात मोठा भ्रंश आहे. भूगर्भवाले त्याला गाविलगड भ्रंश म्हणतात. त्याच्या दक्षिणेची जमीन खाली गेली, तिच्यावर पूर्णा नदीने खोल गाळ भरला, आणि उत्तरेचा काळा बेसाल्ट तसाच उभा राहिला. म्हणून दक्षिण बाजूला टेकड्यांची उतरंड लागत नाही, शेत संपलं की डोंगरच.

चिखलदरा जवळच आहे, मग इथे कशाला यायचं?

चिखलदऱ्याला जाऊ नका असं कोण म्हणतंय? गारवा हवा असेल, हॉटेल हवं असेल, पॉइंटवर मक्याचं कणीस खायचं असेल तर तिकडेच जा. उंचीच म्हणाल तर चिखलदऱ्याजवळचा वैराट अकराशे मीटरच्या पलीकडे जातो, नरनाळा त्याच्यापुढे बुटकाच. पण तिथे गाडीतून उतरायचं, कठड्याला टेकायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या पॉइंटकडे निघायचं, असा दिवस जातो. नरनाळ्याला पॉइंट नाहीत. दरीच्या कडेने तट धावतो आणि त्या तटाच्या आतून पायवाट. दृश्य पाहायचं तर चालावंच लागतं. ज्यांना हे पटत नाही ते महाकाली दरवाजा आणि तोफ पाहून दोन तासांत परत फिरतात आणि "तिकडे काही नाही" असं सांगतात. त्यांचे आभारच मानायला हवेत, गर्दी त्यामुळेच कमी आहे.

तटावरून चालणं म्हणजे नेमकं काय? सह्याद्रीतल्या डोंगरधारेसारखं असतं का?

थोडं तसं, बरंचसं वेगळं. सह्याद्रीत धार म्हणजे दोन्हीकडे दरी आणि मधे पाऊलभर वाट. नरनाळ्याचा माथा रुंद आहे, वर तलाव आहेत, झाडी आहे, पडक्या इमारती आहेत. धार इथे फक्त काठाची. मधला नरनाळा आणि त्याला लागून जाफराबाद व तेलियागड हे दोन उपदुर्ग मिळून हा गड होतो. बांधणाऱ्यांनी डोंगराचा काठ कुठे सोडलेला नाही. कडा आत वळला की तट आत वळतो, कडा पुढे आला की तिथे बुरूज. त्यामुळे तट धरून चाललात की आपोआप डोंगराच्या कडेकडेने चालणं होतं. एका हाताला खाली उतरणारं जंगल, दुसऱ्या हाताला गडाची झाडी.

वाट सरळ नाही. काही ठिकाणी तट छातीइतका शाबूत आहे, जंग्यांमधून, म्हणजे बंदुकीच्या माऱ्यासाठी ठेवलेल्या भोकांमधून, वारा येतो. काही ठिकाणी तो ढासळून नुसती दगडांची रास उरली आहे आणि तिला वळसा घालून आत जावं लागतं. मधूनमधून रायमुनिया, म्हणजे घाणेरीची काटेरी झुडपं, माजलेली असते. तिच्यातून अंग चोरून निघताना बाह्यांना ओरखडे पडणारच. तटाच्या माथ्यावर चढून चालायचा मोह होतो, तो आवरा. वरचे दगड चुन्यातून सुटलेले आहेत, बाहेरून धड दिसणारा दगड पायाखाली हलतो, आणि बाहेरच्या बाजूला धरायला काही नाही. तटाच्या आतून, हातभर अंतर राखून चालायचं, आणि पाहायचं असेल तेव्हा एखाद्या चांगल्या बुरुजावर जाऊन नीट उभं राहायचं.

संपूर्ण घेर एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. गडाचा विस्तार प्रचंड आहे, काही भाग झाडीने इतका गिळलाय की तिकडे जाण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर दक्षिणेचा काठ सकाळी आणि उत्तरेकडे तोंड असलेला थोडा भाग दुपारी, एवढं पुरे. दक्षिण काठावर दुपारी ऊन तोंडावर येतं आणि मैदान पांढरंफटक दिसतं.

वरून काय काय दिसतं?

दक्षिणेला पायनघाट, म्हणजे वऱ्हाडचं सपाट मैदान. पायथ्याला पोपटखेडचं धरण चमकतं. त्याच्या पुढे संत्र्याच्या आणि केळीच्या बागांचे गडद तुकडे, मग कपाशी, तूर, हरभरा. डोंगराच्या कुशीत गोडं पाणी आहे, म्हणून बागा या पट्ट्यातच. अकोट-अंजनगावकडे विड्याच्या पानांचे आणि पानपिंपळीचे मळेही आहेत, पण ते वरून ओळखू येत नाहीत. जसजशी नजर पूर्णेकडे जाते तसतसा हिरवा रंग विरळ होतो. तो खारपाणपट्टा. तिथे विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शेती पावसावरच. नकाशात अमरावती-अकोला-बुलढाण्याचा हा पट्टा शब्दांत वाचलेला असतो, इथे तो रंगातून दिसतो. रब्बीच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, हा फरक सगळ्यात ठळक असतो.

नैर्ऋत्येला तेल्हारा तालुक्याकडचं जे मोकळं मैदान दिसतं, त्यातच आडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. आपली बाजू हरली. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात भोसल्यांच्या हातून वऱ्हाड आणि कटक गेलं, पण नरनाळा आणि गाविलगड मात्र त्यांच्याकडेच राहिले. बुरुजावर उभं राहून हे आठवलं की डोंगरावरच्या किल्ल्याचं महत्त्व कळतं: इथून अकोटच्या वाटेवरची धूळसुद्धा दिसत असणार.

उत्तरेला चित्र एकदम पालटतं. मेळघाट. एकामागे एक डोंगर, साग आणि बांबूने भरलेले, वस्तीची खूण क्वचित. जंगल पानगळीचं आहे, त्यामुळे ऑक्टोबरात जे हिरवंगार असतं तेच मार्चमध्ये राखाडी-तपकिरी दिसतं आणि त्यात पळसाचे केशरी ठिपके. ज्यांना डोंगर कायम हिरवाच हवा त्यांनी मार्चात येऊ नये. मला तो राखाडी मेळघाट जास्त आवडतो, पानं गळल्यावर डोंगराची हाडं दिसतात.

कधी यावं?

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी. त्यातही नजर सगळ्यात लांब पोचते ती पाऊस उघडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत, हवा धुतलेली असते तेव्हा. कडाक्याच्या थंडीत पहाट सुंदर असते, पण मैदानावर धुरकट थर बसतो. शेतात पराटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळायला लागले की तो आणखी दाटतो. मग सकाळी नऊनंतर, थर थोडा विरला की काठावर या.

पावसाळ्यात गड ढगात असतो. भटकायला मजा येते, दिसत काही नाही, आणि तटाचे दगड शेवाळून निसरडे होतात. ढगातून चालण्यासाठी येणाऱ्यांनी यावं, दृश्यासाठी येणाऱ्यांनी थांबावं.

मार्चनंतर येऊ नका असंच सांगेन. मेमध्ये अकोल्याचा पारा ४५च्या वर जाणं नवीन नाही. वर चार अंश कमी असले म्हणून काय झालं, काठावर सावली कुठेय? शिवाय १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा काळ.

एक खास इशारा: श्रावणात, तिसऱ्या सोमवारी, धारगडच्या महादेवाची यात्रा असते. अकोट-पोपटखेडच्या बाजूने हजारो लोक जंगलात जातात. भक्तीने यायचं असेल तर जरूर या. शांत डोंगर हवा असेल तर तो आठवडा सोडा.

परवानगी लागते का?

लागते. नरनाळा १९९७ पासून अभयारण्य आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे, मग तुम्ही ट्रेकर असा की भाविक. शहानूरच्या गेटवर नाव, गाडी क्रमांक लिहून, फी भरून आत जायचं आणि सांगितलेल्या वेळेत बाहेर यायचं. वेळा, फी, गाड्यांचे नियम मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा निघायच्या आधी वनखात्याकडून ताजी माहिती घ्या. चार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या व्हिडिओवर विसंबून आलेली मंडळी गेटवर वाद घालताना दिसतात. गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्याचा शब्द शेवटचा.

गडाचा नेमका कुठला भाग पायी फिरायला मोकळा आहे, हेही तिथेच विचारा. वाघाची हालचाल असली, मादी पिलांसोबत असली, तर एखादी बाजू बंद ठेवतात. मग उत्तरेचा काठ राहिला तर राहिला.

वाटाड्या घ्यायचाच का? गड तर समोर दिसतो.

घ्या. गड दिसतो, वाट दिसत नाही. रायमुनियात जनावरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा सारख्याच दिसतात. शहानूरची पोरं याच जंगलात वाढलेली असतात. कुठल्या बुरुजाखाली मोहोळ लागलंय, काल कुठे अस्वल दिसलं, हे त्यांना कालचंच ठाऊक असतं. आणि ती गप्पिष्ट नसली तरी नजर तयार असते. आपण दरीकडे पाहत असतो, ते मातीकडे. "भाऊ, थांबा, हे पाय सकाळचे हायेत," एवढंच बोलतील आणि ओल्या मातीतला सांबराचा ठसा दाखवतील. त्यांना पैसे देताना घासाघीस करू नका.

कसं पोचायचं?

मुंबई-हावडा मार्गावर अकोला मोठं स्टेशन आहे. तिथून अकोट सुमारे ४५ किलोमीटर, एसटी भरपूर, आणि ब्रॉडगेज झाल्यापासून रेल्वेही आहे. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूर वीसेक किलोमीटर. या टप्प्यावर एसटीचा भरवसा धरू नका. काळीपिवळी किंवा ऑटो ठरवून घ्या, आणि परतीचंही तेव्हाच ठरवा, कारण संध्याकाळी शहानूरहून काही मिळेल याची खात्री नसते. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल अकोटला भरून घ्या.

गडावर पायी चढता येतं की गाडीच?

वर जाणारा घाटरस्ता आहे आणि बहुतेक लोक गाडीनेच जातात. पायी चढायची मुभा त्या वेळच्या नियमांवर आणि जनावरांच्या हालचालीवर अवलंबून. मिळाली तर जुन्या दरवाज्यांच्या वाटेने जाणं केव्हाही चांगलं, गडाने ज्या क्रमाने स्वतःला दाखवायचं ठरवलंय त्याच क्रमाने तो दिसतो. चढ अंगावर येणारा आहे, पण दोर-बिर लागेल असं काही नाही. रोज चार-पाच किलोमीटर चालणारा माणूस सहज जाईल. न मिळाली तर हिरमुसू नका. खरं चालणं वर आहे, चढावर नाही.

वर गेल्यावर इतिहासातलं काय चुकवू नये?

महाकाली दरवाजा. बाकी काहीही चुकलं तरी चालेल. सगळा गड काळ्या बेसाल्टचा, आणि हा दरवाजा फिकट वाळूच्या दगडातला. कमानीच्या दोन्ही बाजूंना कोरलेली कमळं आहेत, वर अरबी लेखाचा पट्टा, बाजूला झरोक्यांच्या सज्जा. लेखातलं साल १४८७ चं, बहमनी काळातलं. म्हणजे इमादशाही वऱ्हाडात स्वतंत्र होण्याच्या अगदी तोंडावरचं. पुढे अकबराच्या वेळी वऱ्हाड सुभ्यात नरनाळा नावाचं स्वतंत्र सरकारच, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग, होतं, यावरून त्याचं वजन कळावं.

दरवाज्याखालून झपकन पुढे जाऊ नका. सकाळचं तिरपं ऊन कमळांवर पडलं की पाकळ्यांची प्रत्येक कड वेगळी दिसते, आणि मग जाणवतं की एकही फूल दुसऱ्याची नक्कल नाही. दुपारी तेच दगड सपाट वाटतात. त्याच कमळांवर खिळ्याने कोरलेली बदाम आणि नावंही दिसतील. त्या हातांना काय म्हणावं!

शक्कर तलाव पाहा. त्याच्या पाण्याबद्दल जुनी समजूत आहे की कुत्रा चावलेल्याने ते प्यायलं की विष उतरतं. समजूत ऐकण्यापुरती ठेवा. कुत्रा चावला तर जखम साबणाने धुऊन थेट सरकारी दवाखाना आणि रेबीजची लस, दुसरा उतारा नाही. राणीमहाल पाहा, आणि दरीच्या कडेला पडलेली नऊगजी तोफही. तोफेवर बसून फोटो काढायची टूम निघाली आहे, ती बंद व्हायला हवी.

वाघ दिसेल का?

जवळजवळ नक्कीच नाही. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक, पण डोंगराळ आणि दाट असल्यामुळे इथला वाघ ताडोबासारखा रस्त्यावर पहुडत नाही. तो तुम्हाला पाहील, तुम्ही त्याला नाही. रानगवे, सांबर, चौसिंगा, रानकुत्री आहेत. पक्ष्यांचा नाद असेल तर मेळघाट हा रानपिंगळ्याचा, म्हणजे एका छोट्या घुबडाचा, मुलूख. शंभराहून जास्त वर्षं संपला असं समजलं गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये सातपुड्यातच, नंदुरबारकडे, पुन्हा सापडला.

मग भीती कशाची बाळगायची?

क्रमाने सांगतो: मधमाश्या, ऊन, अस्वल, साप. वाघ या यादीत फार खाली.

आग्या मोहोळं कमानींखाली, बुरुजांच्या बाहेरच्या अंगाला आणि कड्यांना लटकलेली असतात. अत्तर, उग्र वासाचं तेल, धूर, दगड मारणं, आरडाओरडा, यातलं काहीही त्यांना पुरतं. कमानीखाली जाण्याआधी मान वर करून बघण्याची सवय लावा. काळा लोळा हलताना दिसला की गप मागे फिरायचं, फोटोसाठी थांबायचं नाही. अंगावर आल्याच तर तोंड आणि डोकं झाकून सरळ पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही, आणि पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घोंगावत राहतात. जास्त डंख झाले, श्वास लागला, तोंड सुजलं तर वेळ न घालवता अकोट गाठायचं. ज्यांना मधमाशीची अॅलर्जी आहे त्यांनी आपलं औषध खिशात ठेवावं, गाडीत नव्हे.

अस्वल माणसाच्या वाटेला जात नाही, पण अचानक समोरासमोर आलं तर घाबरून हल्ला करतं. म्हणून दाट झाडीच्या वळणावर बोलत, काठी आपटत जा. एरवी शांत राहा म्हणणारा मीच हे सांगतोय. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं गळतात तेव्हा पहाटे मोहाखाली जाऊच नका, तिथे ते आधीच पोचलेलं असतं.

तटाच्या फटींत फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. पाहिल्याशिवाय फटीत हात घालू नका, दगडावर बसण्याआधी काठीने ठोका.

काय घालावं, काय बरोबर घ्यावं?

टाचेला पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी. आता खरी गोष्ट: कुसळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळलं की कुसळं सुटतात, आणि सुती पायमोजे व ट्रॅकपँट त्यांना फार आवडतात. एकदा घुसलं की कुसळ उलटं निघत नाही, पाऊल टाकलं की आणखी आत जातं. घोट्याशी दहा-बारा कुसळं टोचत असताना कसलं दृश्य अन्‌ कसलं काय. गुळगुळीत कापडाची विजार घाला, ती बुटावरून खाली येऊ द्या, आणि जवळ एखादा छोटा चिमटा ठेवा. पायमोज्यांचा दुसरा जोड घेतलात तर परतीचा प्रवास सुखाचा होईल.

पाणी माणशी तीन लिटर. वर तलाव आहेत, ते पिण्यासाठी नाहीत. हिवाळ्यात पहाटे गाडीवरून येणार असाल तर जाड स्वेटर लागेल, अकरा वाजता तोच ओझं वाटेल, तरी घ्या.

खायचं काय?

वर काही मिळत नाही, आणि ते बरं आहे. अकोटला सकाळी आलूबोंडा-रस्सा खाऊन निघा. बरोबर भाकर, ठेचा, कांदा, चटणी, वाटलं तर संत्री, मोसमात ती अकोटच्या बाजारात स्वस्त असतात. साली पिशवीत परत आणा. "सालच तर आहे, सडून जाईल" हा युक्तिवाद माकडांना शेंगा घालणाऱ्यांच्या युक्तिवादाइतकाच तकलादू आहे. एकदा वानरांना पिशवीचा आवाज ओळखीचा झाला की पुढच्याच्या हातातलीही पिशवी जाते. चूल पेटवायची नाही. अभयारण्यात आग लावणं कायद्याने बंद आहे आणि वाळल्या गवतात ते वेडेपणाचंही आहे. रोडग्यांची पार्टी करायची तर खाली, शेतात, ओळखीच्याच्या परवानगीने.

मुलं आणि म्हातारी माणसं येऊ शकतात का?

गाडीने वर, महाकाली दरवाजा, तलाव, तोफ: अगदी आरामात. आजीला तलावाकाठी सावलीत बसवून बाकीच्यांनी काठाकडे एक फेरी मारावी. आठ-दहा वर्षांच्या पोरांना तटाकडे न्यायचं तर एकाच्या वाट्याला एक मोठा माणूस, त्याचा हात न सोडता. याहून लहान पोर तिकडे नेऊ नका.

मुक्काम करता येतो का?

गडावर नाही. तंबू वगैरे डोक्यातून काढून टाका. शहानूरला वनखात्याची राहायची सोय आहे, आधी आरक्षण करावं लागतं. नाहीतर अकोटला लॉज आहेत. शेगावला दर्शनाला येणारे तिथून सकाळी लवकर निघून एका दिवसात नरनाळा करून जातात, तेही जमतं.

मोबाईलला रेंज असते?

दक्षिण काठावर कधी असते, उत्तरेला नसते. घरी आधीच सांगून ठेवा आणि नकाशा उतरवून घ्या. ब्लूटूथ स्पीकर आणू नका. ड्रोनला वनखात्याची लेखी परवानगी लागते.

एक दिवसाचा साधा बेत सांगाल का?

अकोटहून उजाडताना निघा. गेट उघडलं की लगेच आत, कारण महाकाली दरवाज्यावरचं ऊन लवकर सरतं. तिथे अर्धा तास. मग तलावाला वळसा घालून दक्षिण काठावर, आणि तट डाव्या हाताला ठेवून वाटाड्या नेईल तितकं पश्चिमेकडे. घाई करू नका, बुरूज आला की थांबा, पोपटखेडच्या धरणापासून नजर हळूहळू लांब न्या. साडेअकरा-बारापर्यंत जिथे पोचाल तिथून माघारी. जेवण तलावाकाठच्या सावलीत. त्यानंतर तोफ, राणीमहाल, आणि परवानगी असेल तर उत्तरेकडचा थोडा भाग. तीननंतर गाडीकडे परता, घाटरस्त्यावर संध्याकाळी रानगवे उतरतात आणि त्यांना हॉर्न कळत नाही. वळणावर रानगवा दिसला तर गाडी मागे घ्या, दिवे मंद करा आणि तो स्वतःच्या मर्जीने जाईपर्यंत बसून राहा. खाली उतरू नका.

हे आवडलं तर पुढे कुठे?

गाविलगड. त्याचा घेर मोठा, तटबंदी जास्त शाबूत, आणि चिखलदऱ्याला लागून असूनही आत शिरलं की माणूस दिसत नाही. मोर्शीजवळची सालबर्डी वेगळ्या चवीची, शिवरात्रीच्या यात्रेचे दिवस टाळून. आणि वैराट, उंचीसाठी. पण तिन्हीकडे नरनाळ्यासारखं, पाय टाकला की एका बाजूला कपाशी आणि दुसऱ्या बाजूला वाघाचं जंगल, असं मिळेल असं समजू नका.